फाल्गुनातल्या कुरडया: बुधवारच्या भिजवणीपासून रविवारच्या चिकापर्यंत

कुरडया घालायच्या तर होळी ते पाडवा या पंधरवड्यात घालाव्यात, असं माझं ठाम मत आहे. हल्ली बऱ्याच घरांत वाळवणाची आठवण होते ती मुलांना सुट्टी लागल्यावर, एप्रिलच्या शेवटी किंवा मे महिन्यात. तेव्हा ऊन कडक असतं हे खरं, पण बाकी सगळं विरोधात असतं. भिजवलेला गहू दोन दिवसांतच आंबून वास मारायला लागतो. सकाळी आठलाच गच्ची पायाला भाजते. चीक, म्हणजे भिजवलेल्या गव्हातून गाळून काढलेला स्टार्च, हाटणारीचा गॅससमोर उभं राहून जीव जातो. आणि दुपारनंतर वळवाचं वादळ कधी उठेल याचा नेम नसतो. फाल्गुनात मात्र पहाटे अंगाला गारवा असतो, दहा-अकरानंतर ऊन खणखणीत असतं आणि हवा कोरडी असते. कुरडईला याहून जास्त काही लागत नाही.

आणखी एक कारण आहे. मार्चमध्ये बऱ्याच ठिकाणी शाळा सकाळची होते आणि मुलं दुपारी घरी असतात. कोकीळ ओरडायला लागलेली असते, बाजारात पहिल्या कैऱ्या दिसायला लागतात, पण उन्हाळ्याची धावपळ, लग्नसराई, पाहुणेरावळे अजून सुरू झालेले नसतात. घरातली सगळी माणसं एका सकाळी एका कामाला लागली, असं वर्षातून फार थोड्या वेळा घडतं. कुरडया हे त्यातलं काम आहे, कारण ते एकट्याने होतच नाही. दहावी-बारावीची परीक्षा चालू असलेल्या घराने मात्र शेवटचा पेपर होईपर्यंत थांबावं.

पद्धत चार जणांच्या घराला पुरेल अशी सांगते. पहिल्यांदा करत असाल तर एक किलो गहू घ्या. सवय असेल तर दोन. एक किलो गव्हाच्या वाळलेल्या कुरडया साधारण अर्ध्या किलोच्या आसपास होतात. पूर्वी पायलीच्या हिशोबाने व्हायच्या ते आळीतल्या चार बायका एकमेकींच्या घरी जायच्या म्हणून. फ्लॅटच्या स्वयंपाकघरात, मिक्सरवर, थोडंच करावं आणि नीट करावं.

आधी हवामान, मग गहू

रविवारी कुरडया घालायच्या असतील तर बुधवारी गहू भिजत पडायला हवा. म्हणून मंगळवारीच भारतीय हवामान विभागाचा सात दिवसांचा अंदाज बघा. मार्चमध्ये ढग येत नाहीत असं धरून चालू नका. 2014 साली फेब्रुवारीअखेर आणि मार्चमध्ये मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात जी गारपीट झाली ती ऐन वाळवणाच्या दिवसांत. शेतकऱ्यांच्या हातातोंडाशी आलेल्या गव्हाची जी नासाडी झाली तिच्यापुढे घरच्या कुरडया काहीच नाहीत, पण धडा तोच. रविवार आणि सोमवार हे दोन दिवस स्वच्छ दिसत असतील तरच गहू भिजवा. एकदा चीक निघाला की तो थांबत नाही.

गहू लोकवन चालतो आणि तो कुठेही मिळतो. गुजरातेत सणोसऱ्याच्या लोकभारती संस्थेत निघालेलं हे लोक-1 वाण, आता आपल्याकडे घरोघरचं झालेलं. बन्सी गव्हाच्या कुरडया छान होतात असं सांगणाऱ्या आज्या अजून आहेत. मिळाला तर जरूर घ्या, पण त्यासाठी अडून बसू नका. बघायचं ते एवढंच, की गहू टपोरा आणि किडीशिवायचा असावा. साठवणीसाठी बोरिक पावडर लावलेला गहू घेऊच नका. एरंडेल लावलेला असेल तर आधी गरम पाण्याने चोळून दोनदा धुवा, नाहीतर तो तेलकट वास थेट कुरडईत उतरतो.

बुधवार रात्र ते शनिवार संध्याकाळ

गहू निवडून, स्वच्छ धुऊन मोठ्या पातेल्यात घाला आणि वर चार बोटं पाणी ठेवा. स्टीलचं पातेलं चालेल, प्लास्टिकची बादली नको. आंबण्याचा वास प्लास्टिक धरून ठेवतं.

गुरुवारी आणि शुक्रवारी रात्री पाणी ओतून द्या, गहू एकदा खळबळून धुवा आणि ताजं पाणी घाला. हे काम मुलांकडे द्यावं असं मला वाटतं. रोज रात्री पातेल्याचं झाकण काढून गव्हाचं काय झालं ते बघायचं, यात मुलांना खरोखरच रस असतो. पहिल्या रात्री दाणा नुसता फुगलेला असतो. दुसऱ्या रात्री पाण्यावर बारीक बुडबुडे दिसतात आणि ताकासारखा आंबूस वास सुटतो. तिसऱ्या दिवशी दाणा अंगठा आणि तर्जनीत धरून दाबला की सालीतून पांढरंशुभ्र दूध टचकन बाहेर येतं आणि हातात नुसतं साल उरतं. हीच परीक्षा. दूध सहज निघालं की गहू तयार. आत कडक कणी लागली तर अजून अर्धा दिवस थांबा.

आंबूस वास यायलाच हवा. दाण्यातला स्टार्च सुटा होतो तो या आंबण्यामुळेच. पण सडका, नाकाला झोंबणारा वास आला, दाण्यावर गुलाबी-काळे डाग पडले किंवा हाताला तार लागली, तर तो गहू टाकून द्यावा. त्यात जीव अडकवू नये.

शनिवार संध्याकाळ: चीक काढणं

गावाकडे ओला गहू दळून देणारी गिरणी असते. शहरात मिक्सर. गहू शेवटचा धुऊन, मिक्सरच्या भांड्यात निम्म्यापर्यंत घाला, बुडेल एवढं पाणी घाला आणि थांबत थांबत फिरवा. गंधासारखं बारीक वाटायचं नाही. फार बारीक केलं तर कोंडाही गाळणीतून खाली येतो आणि कुरडई तांबूस होते. साल फुटून दूध सुटलं की बास.

आता दोघांचं काम. एकाने मोठ्या पातेल्यावर पिठाची चाळणी धरायची, दुसऱ्याने वाटलेला गहू त्यात ओतून, वरून थोडं थोडं पाणी घालत हाताने चोळायचा. चाळणीत उरलेला चोथा पुन्हा पाण्यात कालवून पुन्हा पिळायचा. तिसऱ्या पिळणीला पाणी जवळजवळ पारदर्शक निघतं, तिथे थांबा. मग सगळं दूध सुती पंचातून किंवा मलमलच्या कापडातून परत एकदा गाळून घ्या. ही दुसरी गाळणी कंटाळवाणी आहे आणि ती टाळण्याचा मोह होतो, पण सोऱ्याच्या बारीक भोकांत कोंड्याचा एक कण अडकला की दुसऱ्या दिवशी सगळ्यांचा वेळ जातो.

हाताला चिकट रबरासारखं काहीतरी लागेल. ते गव्हातलं ग्लुटेन. ते चोथ्याबरोबर वर राहतं आणि खाली जातो तो स्टार्च, म्हणजेच आपला चीक. पोळीला जे लागतं ते कुरडईला नको असतं.

चोथा फेकू नका. त्यात वाटलेली लाल मिरची, लसूण, जिरं, तीळ आणि मीठ घालून छोट्या छोट्या वड्या दुसऱ्या दिवशी कुरडयांच्या शेजारीच उन्हात टाका. याच भुसवड्या. तळल्यावर जाडसर, आंबट-तिखट लागतात आणि पिठल्याबरोबर कुरडईपेक्षा मला त्याच जास्त आवडतात. गावाकडे गोठा असेल तर थोडा चोथा गाई-म्हशीच्या आंबोणातही जातो.

गाळलेलं दूध झाकून रात्रभर ठेवा. हलवायचं नाही, जागा बदलायची नाही.

रविवार, पहाटे

पाच-साडेपाचला उठायला हवं. यात सवलत नाही. सातपर्यंत चीक शिजला आणि साडेसातला पहिली कुरडई गच्चीवर पडली तर संध्याकाळपर्यंत ती उलटण्याजोगी होते. नऊला सुरुवात केली तर एक ऊन वाया गेलं.

पातेलं उघडलं की वर पिवळसर पाणी दिसेल. ही निवळ. पातेलं हळूच कलतं करून ती ओतून काढा. शेवटची वाटीभर निवळ डावाने काढा, पण काढाच. कुरडई पिवळी का झाली, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा या राहिलेल्या वाटीभर पाण्यात असतं. निवळ थंडच असते. तिच्यात चौपट पाणी मिसळून कुंड्यांना घातली तरी चालते.

खाली चीक घट्ट बसलेला असतो, इतका की बोट रुतत नाही. हाताने खरवडून, मोडून तो एकजीव करा. तो दाट पण ओतता येईल असा व्हायला हवा. आता मोजा. ज्या भांड्याने चीक मोजाल त्याच भांड्याने तितकंच पाणी जाड बुडाच्या पातेल्यात उकळत ठेवा. माप एकास एक. चीक फार पातळ राहिला असेल तर पाणी पाव भाग कमी घ्या.

मिठाचं बघा, इथे भल्याभल्यांचं चुकतं. कुरडई वाळते तेव्हा पाणी उडून जातं पण मीठ तिथेच राहतं. म्हणून अर्धा लिटर चिकाला सपाट चमचाभर मीठ पुरे. शिजलेला चीक चाखल्यावर थोडा फिका लागला पाहिजे. जेवताना जसा हवा तसा खारट लागला, तर तळलेली कुरडई खारट होणार हे नक्की. पाण्यात मीठ, पाव चमचा हिंग आणि चमचाभर तेल घाला. खायचे रंग मी घालत नाही. पांढरी कुरडई पांढरीच शोभते.

पाण्याला खळखळून उकळी आली की आच मध्यम करा. एकाने चीक बारीक धारेने सोडायचा, दुसऱ्याने चाटूने किंवा लाटण्याने एकाच दिशेने, न थांबता हाटायचं. तिसरा माणूस असेल तर त्याने सांडशीने पातेलं धरावं. पहिली दोन मिनिटं काहीच होत नाही असं वाटतं आणि मग अचानक सगळं आळतं. गव्हाचा स्टार्च साठ अंशांच्या आसपास फुगायला लागतो, त्यामुळे धार थांबली की गुठळी झालीच म्हणून समजा. घरातल्या सगळ्यात ताकदवान माणसाला इथे उभं करावं. आमच्याकडे हे काम पुरुषांकडे आहे आणि ते त्यांच्याकडेच राहावं असं मला मनापासून वाटतं.

चीक पातेल्याच्या कडा सोडायला लागला की आच मंद करा, झाकण ठेवा आणि आठ-दहा मिनिटं वाफ काढा. मधे दोनदा तळापासून हलवा. दुधासारखा पांढरा चीक आता काचेसारखा झाक मारायला लागतो. पाण्याने ओलं केलेलं बोट वरून लावून बघा. बोटाला काही चिकटलं नाही तर चीक शिजला. कच्चा राहिला तर तारा तुटतात आणि तळताना कुरडई फुलत नाही.

सोऱ्या चालवण्याआधी वाटी भरा

आता थांबा आणि प्रत्येकाला एक वाटी गरम चीक द्या. हा क्षण कामाच्या घाईत निसटू देऊ नका. वर्षातून एकदाच मिळणारी ही न्याहारी आहे. आमच्या घरात दोन तट आहेत. एक तट चिकात खड्डा करून त्यात कच्चं शेंगदाण्याचं तेल आणि लाल मिरचीचा ठेचा घालतो. दुसरा तट गरम दूध, साखर आणि तुपाबरोबर खातो. लहान मुलं दुसऱ्या तटात सुरुवात करतात आणि मोठी होता होता पहिल्या तटात येतात. गूळ-तूप घालून खाणारेही आहेत. शेजारच्या काकूंना एक वाटी पाठवायची, आणि एकट्या राहणाऱ्या कुणा आजींना आधी पाठवायची. ज्यांना आता कुरडया घालणं झेपत नाही त्यांना चिकाची वाटी मिळाली की जो आनंद होतो, तो तळलेल्या कुरडईने होत नाही.

पातेल्यावर झाकण आणि खाली मंद आच मात्र तशीच ठेवा. चीक गार झाला की दगड होतो.

गच्चीवर

कापड की प्लास्टिक? जुन्या पद्धतीत खाटेवर ओलं धोतर अंथरून त्यावर कुरडया घालत. ते दिसायला सुंदर, पण कुरडई कापडाला धरते आणि सोडवताना उलट बाजूने पाणी मारावं लागतं. जाड, स्वच्छ प्लास्टिकचा कागद धुऊन, चारी कोपऱ्यांवर विटा ठेवून अंथरा. वाळली की कुरडई आपोआप सुटते. पातळ कागद नको, तो वाऱ्याने गोळा होतो.

सोऱ्याला आतून तेलाचा हात लावा आणि शेवेची मध्यम चकती बसवा. फार बारीक चकतीने तारा नाजूक होतात आणि डब्यात मोडतात. चीक ओल्या चमच्याने भरा. तो हाताला लागला तर चिकटून राहतो आणि फार भाजतो, म्हणून सोऱ्या ओल्या नॅपकिनमध्ये गुंडाळून धरा आणि भरताना लहान मुलांना लांब ठेवा. एकाने स्वयंपाकघरात भरायचा, दुसऱ्याने गच्चीवर पळवायचा, तिसऱ्याने घालायच्या. दोन सोऱ्ये असतील तर काम थांबत नाही. शेजारून एक मागून आणा.

मधून सुरुवात करून बाहेरच्या बाजूला दोन-तीन वेढे द्या आणि शेवटची तार आत टेकवा. आकार तळहाताएवढा. तळल्यावर ती जवळजवळ दुप्पट होते, तेव्हा आपली कढई डोळ्यांसमोर ठेवून घाला. वेढ्यावर वेढे चढवू नका. जाड कुरडई वरून वाळते, आतून ओली राहते आणि पावसाळ्यात तिला बुरशी येते. मुलांनी घातलेल्या वाकड्यातिकड्या कुरडयाही तशाच वाळू द्याव्यात, तळल्यावर त्या चवीला सारख्याच लागतात.

तारा तुटायला लागल्या तर चीक गार झाला आहे. पातेल्यात वाटीभर उकळतं पाणी घाला, हाटा, पाच मिनिटं वाफ आणा आणि पुढे चला.

मग राखण. कावळे, चिमण्या आणि खारी यांच्यासाठी एका मुलाला गच्चीच्या जिन्यात सावलीला बसवा. पण राखणदारच कुरडया खातो हे आधीच गृहीत धरा. दुपारी दोन-तीनच्या सुमाराला कुरडई वरून वाळलेली आणि आतून मऊ असते. चघळायला ती इतकी मस्त लागते की पाच-सहा कुरडया त्या नावाने सोडून द्याव्यात. त्या दिवशी दुपारच्या जेवणाचाही घाट नको. सकाळचा चीक पोटात असतो, त्यावर ताकभात आणि कैरीचं ताजं लोणचं पुरतं.

संध्याकाळी पाचच्या आधी कुरडया सोडवून परातीत उलट्या ठेवा आणि घरात आणा. रात्री झाकू नका, नुसता पातळ कपडा टाका. सोमवारी सकाळी नऊपासून दुसरं ऊन. मंगळवारी तिसरं मिळालं तर उत्तम. वाळलेली कुरडई वाकत नाही, कट्‌कन मोडते.

मुंबईत आणि कोकणात हवा दमट असते, तिथे एक-दोन उन्हं जास्त लागतील. गच्ची नसेल तर पश्चिमेच्या खिडकीत ताटल्यांमधून, रात्री पंख्याखाली. अशा घरांनी अर्धा किलो गव्हाच्याच घालाव्यात.

डबा आणि कढई

उन्हातून आणलेल्या गरम कुरडया थेट डब्यात भरू नका. डब्याच्या आत वाफ धरते. सावलीत तासभर निवू द्या, मग घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात रचा. अशा त्या वर्षभर सहज टिकतात. पावसाळा सरला की दसऱ्याच्या सुमाराला एक ऊन दाखवा.

तळताना तेल चांगलं तापलेलं हवं. कुरडईचा एक तुकडा टाकला की तो लगेच फुलून वर आला पाहिजे. मग एक एक सोडा, झाऱ्याने हलकं दाबा, फुलली की उलटून लगेच काढा. सगळा खेळ काही सेकंदांचा. वाळलेल्या तारेत उरलेल्या किंचित ओलाव्याची तेलात वाफ होते आणि ती वाफच कुरडई फुलवते. मधला भाग कडक राहिला तर तेल कमी तापलं होतं. तांबडी झाली तर जास्त. पहिल्या कुरडया पाडव्याच्या जेवणात तळा, श्रीखंड-पुरीच्या नाहीतर पुरणपोळीच्या ताटात, आणि बाकीच्या आमरसासाठी राखून ठेवा.

डब्याच्या तळाशी चुरा राहतो, त्याची भाजी करा. चुरा कोमट पाण्यात दहा मिनिटं भिजवून निथळायचा. तेलात मोहरी, जिरं, कढीपत्ता, हिरवी मिरची, भरपूर कांदा परतायचा, हळद घालायची, त्यात चुरा घालून झाकण ठेवून दोन वाफा काढायच्या. मीठ कुरडईत असतंच, म्हणून चव बघूनच घाला. वरून कोथिंबीर आणि दाण्याचं कूट. भाकरीबरोबर गरम गरम वाढा, गार झाली की चिवट होते.